टँकचा लाइट लुकलुकत होता, आणि मीटर म्हणत होता सगळं ठीक

माशांच्या दोन फुटी टँकवरचा १८ वॅटचा एलईडी लाइट. लावल्यावर दहा मिनिटं नीट चाले, मग लुकलुकायला लागे. उजव्या टोकाचे तीन एलईडी तर पेटतच नव्हते. वर पट्टीच्या अ‍ॅल्युमिनियमला टेस्टर लावला की मंद पेटायचा. तीन तक्रारी, आणि प्रत्येकीचं कारण वेगळं निघालं.

आधी प्लग बोर्डातून काढला. नुसतं बटण बंद करून भागत नाही; काही घरांत बटण चुकून न्यूट्रलवर जोडलेलं असतं, मग बटण बंद असतानाही वायरीत फेज असतोच. लाइट उचलताना हात पाण्यापाशी जातो म्हणून फिल्टर-हीटरचेही प्लग काढले. लाइट कोरड्या टेबलावर आल्यावर ते परत लावले, माशांना ताटकळत ठेवायचं कारण नाही.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर, लाल काडी अ‍ॅडाप्टरच्या जॅकमध्ये आत, काळी बाहेरच्या कड्याला. आकडा १२.१. इथेच बहुतेक जण फसतात आणि ‘अ‍ॅडाप्टर चांगला आहे’ म्हणून लाइटच भंगारात टाकतात. आतला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) फुगून कामातून गेला असला, तरी लोड नसताना, म्हणजे काहीच जोडलेलं नसताना, अ‍ॅडाप्टर १२ दाखवू शकतो. म्हणून पट्टीचं टोकाचं झाकण उघडून, जिथे वायरी सोल्डर केल्या आहेत तिथे, लाइट चालू ठेवून मोजलं. सुरुवातीला ११.७, दहा मिनिटांनी ९ च्या खाली आणि आकडा नाचतोय. अशा पट्टीत तीन-तीन पांढरे एलईडी ओळीने जोडलेले असतात. प्रत्येकाला साधारण ३ व्होल्ट लागतात, म्हणजे ९ तिथेच गेले, उरलेले रेझिस्टरवर, म्हणजे करंट आवरणाऱ्या भागावर. व्होल्टेज ९ ला टेकलं की प्रकाश जाणारच.

पण हे व्होल्टेज अ‍ॅडाप्टरमध्ये पडतंय की वायरीत? त्यासाठी गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब थेट अ‍ॅडाप्टरला जोडला. तो पावणेदोन अँपिअर घेतो, लाइट दीड घेतो. अ‍ॅडाप्टर २ अँपिअरचा, म्हणजे परीक्षा रास्त आहे. थंड तंतू पहिल्या क्षणी बराच जास्त करंट ओढतो, त्यामुळे चांगला अ‍ॅडाप्टरही एकदा अडखळू शकतो, ते मनावर घ्यायचं नाही. इथे मात्र बल्बही गरम होता होता लुकलुकायला लागला. दोष अ‍ॅडाप्टरचाच.

अ‍ॅडाप्टर उघडायच्या फंदात पडलो नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर साठा असतो, प्लग काढल्यावरही काही वेळ राहतो. नवा १२ व्होल्ट ३ अँपिअरचा घेतला. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर जास्त चालतात. जॅकचं छिद्र मात्र बघून घ्या: लाइटच्या सॉकेटमधली पिन २.१ मिलिमीटरची असेल आणि जॅक २.५ चा, तर तो बसतो, पण सैल. ठिणगी पडून महिन्याभरात काळा पडतो.

लुकलुकणं थांबलं, पण तीन एलईडी अंधारातच. तिघं एकदम गेले म्हणजे एक सर्किट तुटलंय. लाइट बंद करून ३ व्होल्टचा बटण-सेल प्रत्येक एलईडीच्या दोन टोकांना धरला (मीटरच्या डायोड मोडवर पांढरे एलईडी पेटतीलच असं नाही). तिघंही मिणमिणले. म्हणजे एलईडी शाबूत. रेझिस्टरपाशी भिंग धरल्यावर दिसलं: तांब्या-पितळेच्या भांड्याला चढतो तसा हिरवा कळंक, आणि त्याखाली सोल्डरचा जोड केसाएवढा सुटलेला. वायर आत शिरते त्याच टोकाला हे होणार, कारण वाफ तिथूनच आत जाते.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासून, वाळवून, फ्लक्स (सोल्डर नीट धरायला लावतात ती पेस्ट) लावून नवं सोल्डर दिलं. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी उष्णता ओढून घेते, २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न इथे हरतो. ६० चा लागला. जोड चकचकीत न येता दाणेदार, निस्तेज आला तर तो परत करायचा. वायरीच्या तोंडाला न्यूट्रल सिलिकॉन भरून चोवीस तास वाळू दिलं. टँकच्या काचा जोडायचं आंबूस वासाचं सिलिकॉन इथे नको. वाळताना त्यातून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सुटतं आणि तांब्यावर पुन्हा तोच कळंक.

टेस्टर नव्या अ‍ॅडाप्टरवरही पेटत होता. दोन पिनांच्या अ‍ॅडाप्टरमध्ये मेन्स (घरातली वीज) आणि डीसी बाजूच्या मध्ये एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून मायक्रोअँपिअरमधला करंट येतो आणि टेस्टरच्या निऑनला तेवढा पुरतो. पण खरी गळतीही टेस्टरवर तशीच दिसते, म्हणून खात्री हवी. पट्टीचं धातू आणि शेजारच्या सॉकेटमधली अर्थिंगची पिन यांच्यामध्ये मीटर एसीवर: ८० च्या आसपास. काड्यांच्या मध्ये १०० किलो-ओहमचा १ वॅटचा रेझिस्टर आडवा जोडला, आकडा ५ वर कोसळला. खरी गळती असती तर तो टिकून राहिला असता. हे करताना काड्यांना क्लिपा लावा आणि जोडाजोड प्लग काढूनच करा. सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. ही तपासणी फक्त लाइटची झाली. हीटरच्या काचेला बारीक चीर असेल तर ती वेगळी शोधावी लागते, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर पैसे आधी तिथे घालावेत.

लाइट परत बसवताना वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबती सोडून मग वर नेली, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी त्या झोळातूनच खाली टपकतं. दोन तासांनी पट्टीवर परत मोजलं: ११.८, हलत नाही.