बेळगाव ते कल्पिटिया: तिमिंगिल बघायला

आमच्या बेळगावात व्हेलची ओळख एकाच गोष्टीने आहे, उलटी. 'व्हेल माशाच्या उलटीची तस्करी' अशी बातमी पेपरात आली की खडेबाजारात चहाच्या गाड्यावर दोन दिवस तोच विषय. किलोला किती कोटी, कोकणातून चोर्ल्याने आणतात की आंबोलीने. ते जनावर कसलं, राहतं कुठं, हे कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. विचारलं ते माझ्या मामांनी. खानापूर तालुक्यात मराठी शाळेवर सगळी नोकरी झाली त्यांची, आता वय एकाहत्तर. म्हणाले, "उलटीचं ऱ्हाऊ दे रे, ती करणारा बघायला मिळतोय काय?"

मिळतो, पण श्रीलंकेत कल्पिटियाला जावं लागतं. मी, बायको आणि मामा असे तिघं मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जाऊन आलो. घरी आल्यापासून इतक्या जणांनी विचारलं की एकदाच सगळं लिहून टाकतोय.

आधी जायचं कसं ते. बेळगावहून रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडली, सकाळी यशवंतपूरला उतरलो आणि तिथून विमानतळाची बस. बंगळूरहून कोलंबोला थेट विमानं आहेत, दीड तासाच्या आसपास लागतो. रेल्वे आणि विमान यांच्यात चार-पाच तासांची फट ठेवा, बंगळूरच्या ट्रॅफिकचा काही नेम नाही. श्रीलंकेची प्रवेश-परवानगी निघण्याआधी ऑनलाइन काढायची. तिचे नियम आणि फी वरचेवर बदलतात, म्हणून आदल्या आठवड्यात सरकारी साइट बघूनच फॉर्म भरा.

विमानतळ कोलंबोत नाही, कटुनायकेला आहे, म्हणजे नेगोंबोच्या जवळ. हे बरंच झालं, कारण कल्पिटियाला उत्तरेकडेच जायचं असतं. नेगोंबो, चिलाव, मग पुत्तलमच्या अलीकडे डावीकडे वळलं की एका बाजूला खाजण आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशी लांबलचक जमिनीची पट्टी लागते. तिच्या टोकाला कल्पिटिया. गाडी केली तर तीनेक तास. आम्ही जाताना बस बदलत गेलो आणि दिवस घालवला. येताना मात्र शहाणे झालो.

कल्पिटियाच का? आपल्या चोर्ला घाटात कसं, सपाटीवरून जाता जाता एकदम दरी लागते, तशी तिथं समुद्राच्या तळाला दरी लागते, आणि तीही किनाऱ्यापासून फार लांब नाही. ती 'उलटी' ज्याची म्हणतात तो स्पर्म व्हेल, आणि त्याला खोल पाणीच लागतं, कारण त्याचं खाणं खाली आहे. खाणं म्हणजे मुख्यतः स्क्विड, आपलं माकूळ. त्यासाठी तो चारशे ते हजार-बाराशे मीटर खाली जातो, पाऊण तास श्वास धरून. दोन हजार मीटरच्याही खाली गेल्याच्या नोंदी आहेत. बऱ्याच ठिकाणी हे बघायला दिवसभर बोटीत जावं लागतं, इथं पहाटे निघून जेवायला परत. हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. लंकेतल्याच मिरिस्सा आणि त्रिंकोमालीची नावं तुम्ही ऐकली असतील. मिरिस्सा मुख्यतः निळ्या देवमाशासाठी, आणि त्रिंकोमालीचा हंगाम साधारण मे ते ऑगस्ट. तिकीट काढण्याआधी हे डोक्यात पक्कं करा, आमच्या ओळखीतले एक जण जुलैत कल्पिटियाला जाऊन वारा खाऊन आले.

पहिली सकाळ फुकट गेली म्हणेन. नाही म्हणायला स्पिनर डॉल्फिन शंभरावर दिसले, गिरकी घेत उड्या मारणारे. पण बायकोने शहापूरच्या कुंद्याचा डबा होडीत उघडला, मी दोन घास खाल्ले आणि पुढचा तासभर होडीच्या काठाला चिकटून होतो. "उलटी बघायला आलोय नव्हं, ही घे," असं मामा म्हणाले. स्वतः खणखणीत. तर होडी लागू नये म्हणून गोळी आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी निघण्याआधी घ्या (कुठली ते आपल्या डॉक्टरांना विचारून), पोटात कोरडी पोळी नाहीतर बिस्कीट, खिशात आलेपाक. गोड आणि तुपकट काही नको.

होडी म्हणजे फायबरची, बाहेर मोटर लावलेली, सावली नाही. आख्खी होडी ठरवावी लागते, म्हणून पाच-सहा जण असाल तर स्वस्त पडतं. ठरवताना पैशांच्या आधी एक प्रश्न विचारा: व्हेल दिसल्यावर इंजिन बंद करणार का? आमच्या शेजारची एक होडी जनावराच्या डोक्यासमोर आडवी घालत होती. दोनदा असं झालं आणि दोन्ही वेळा व्हेल श्वास पुरा न घेताच खाली गेला. त्या होडीतल्यांनाही काही मिळालं नाही आणि आम्हालाही नाही.

आमचा होडीवाला तमिळ बोलणारा, इंग्रजी कामापुरतं. मामांनी त्याच्याशी सरळ कन्नड सुरू केलं. 'मीनु'ला तो 'मीन' म्हणाला, 'नीरु'ला 'नीर'. मग समुद्राकडे बोट दाखवून म्हणाला, "तिमिंगलम." मामा उडालेच. "अरे, हे तर आपलं तिमिंगिल! कन्नड पुस्तकात हाच शब्द आहे की!" शब्द मुळात संस्कृत, तिमीला गिळणारा तो तिमिंगिल. आयुष्यभर दोन भाषांच्या मध्ये राहिल्याचा असा फायदा मामांना पहिल्यांदाच झाला असावा.

दुसऱ्या दिवशी साडेसात वाजता होडीवाल्याने हात वर केला. लांबवर वाफेचा एक झोत, सरळ वर नाही, पुढं आणि डावीकडे कललेला. स्पर्म व्हेलची हीच खूण, लांबून ओळखता येते. बाकी देवमाशांचं श्वासाचं भोक डोक्यावर असतं, याचं डोक्याच्या अगदी पुढच्या टोकाला आणि तेही डाव्या अंगाला. उजवी नाकपुडी त्याने आवाज काढायला ठेवलीय. तोच टकटक आवाज खाली काळोखात सोडायचा आणि प्रतिध्वनीवरून स्क्विड शोधायचं. जुन्या गलबतांच्या लाकडातून हा आवाज हातोडीसारखा ऐकू यायचा, म्हणून खलाशी त्याला सुतारमासा म्हणायचे. मामांनी होडीच्या तळाला कान लावून बघितला. लाटांचा चपचपाट सोडून काही नाही.

इंजिन बंद करून थांबलो. शंभरेक मीटरवर ओंडक्यासारखी पाठ, कातडी वाळलेल्या खारकेसारखी सुरकुतलेली. एकूण लांबीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं नुसतं डोकं. त्यात मेणासारखं तेल भरलेलं असतं. खलाशांना ते वीर्य वाटलं आणि त्यावरून बिचाऱ्याचं इंग्रजी नाव पडलं. या तेलाच्या मेणबत्त्या आणि यंत्रांचं वंगण करायला माणसाने हे जनावर दोन-अडीचशे वर्षं मारलं. हिंदी महासागर 1979 मध्ये देवमाशांसाठी अभयारण्य ठरला, व्यापारी शिकारीवर 1986 पासून आंतरराष्ट्रीय बंदी आली. त्या मधल्या काळात व्हेलचे अभ्यासक हॅल व्हाइटहेड आणि त्यांचे सहकारी ट्युलिप नावाच्या छोट्या शिडाच्या होडीतून याच लंकेच्या पाण्यात स्पर्म व्हेलमागे फिरत होते. जिवंत प्राण्यावरच्या सुरुवातीच्या कामांपैकी ते एक.

मामांनी घड्याळ काढलं आणि श्वास मोजायला लागले. दर दहा-पंधरा सेकंदाला एक. जवळच एक पिल्लू होतं, आमच्या होडीपेक्षा लहान. पिलाला खोल जाता येत नाही, म्हणून कळपातल्या माद्या पाळीपाळीने खाली जातात आणि एखादी तरी वर थांबते. उष्ण समुद्रात दिसतात त्या बहुतेक माद्या आणि पिल्लंच, अकरा मीटरपर्यंतच्या. सोळा मीटरचे थोराड नर ध्रुवाकडच्या थंड पाण्यात एकटे हिंडतात, जोडीपुरते इकडे येतात. आपल्याकडे माहेरवाशिणी येतात, इथं बाप्ये येतात, ही टिपणी माझ्या बायकोची.

नऊ मिनिटांनी पाठीची कमान झाली, मागून त्रिकोणी शेपूट सरळ उभं राहिलं, पाणी निथळत, आणि आवाज न करता आत गेलं. तिथल्या पाण्यावर तेल सांडल्यासारखा गुळगुळीत गोल राहिला. होडीवाला तिथून हलला नाही. त्याच्या हिशेबाने चाळीस मिनिटं. इथं लोक कंटाळतात आणि दुसरीकडे चला म्हणतात. तसं म्हणू नका. एक्केचाळीसाव्या मिनिटाला पाचेकशे मीटरवर झोत उडाला.

उलटीचंही सांगून टाकतो. स्क्विडची चोच पचत नाही. तिच्याभोवती काही थोड्या व्हेलच्या आतड्यात हा मेणचट गोळा तयार होतो आणि बहुतेक वेळा मागच्या दाराने बाहेर पडतो. म्हणजे ती उलटी नव्हेच. भारतात तो बाळगणं आणि विकणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा किनाऱ्यावर कुणी 'अंबर' म्हणून असा गोळा दाखवला तर हातही लावू नका.

बाकी किरकोळ: कल्पिटियात किमान दोन सकाळी ठेवा, तीन असतील तर उत्तम. सहाला निघा, दहानंतर वारा उठतो. टोपीला दोरी हवी, माझी गेली. खाण्याचे हाल नाहीत, इंडिअप्पम म्हणजे आपल्या शेवयाच, फक्त तांदळाच्या, वर खोबऱ्याची लाल चटणी. दुपारी वेळ गेला नाही तर डचांचा किल्ला आहे, लांबून बघण्यापुरता. मोबाइलवर शूटिंगच्या नादाला लागू नका. आमच्या अकरा मिनिटांच्या व्हिडिओत नुसतं निळं पाणी वरखाली होतंय आणि मागे मामांचा आवाज, छत्तीस… सदतीस… अडतीस.