पुतळ्याला लाइट मिळाला, बाईंना नाही

मी कलरिस्ट आहे, म्हणजे शूट आणि एडिट संपलं की अंधाऱ्या खोलीत बसून प्रत्येक शॉटचा रंग आणि उजेड मी ठरवते. बाहेरच्या देशातल्या डॉक्युमेंटरीज बऱ्याचदा मुंबईत ग्रेडिंगला येतात कारण इथे स्वस्तात होतं, तशीच ही आली, ऑगस्टा सॅव्हेज या ब्लॅक अमेरिकन शिल्पकार बाईंवरची. डिलिव्हरी होऊन गेली तरी डोक्यातून जात नाहीये.

बाईंचा जन्म १८९२ चा, फ्लोरिडातला. १९२३ साली फ्रान्समधल्या फॉन्तेनब्लोच्या उन्हाळी कलाशाळेत त्यांना निव्वळ ब्लॅक म्हणून नाकारलं, तर त्या गप्प बसल्या नाहीत, पेपरातून जाहीर भांडल्या. पुढे न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या ब्लॅक वस्तीत त्यांनी पोरांना शिकवलं, जेकब लॉरेन्ससारखा चित्रकार त्यांच्या हाताखालून गेला. १९३९ च्या न्यूयॉर्क वर्ल्ड्स फेअरसाठी त्यांनी सोळा फुटी ‘द हार्प’ केलं, गाणाऱ्या मुलांची उतरती रांग म्हणजेच हार्प या तंतुवाद्याच्या तारा! होतं प्लास्टरचं, ब्राँझमध्ये ओतायला पैसे मिळाले नाहीत आणि फेअर संपल्यावर ते फोडून टाकलं. फिल्ममध्ये नकाराचा किस्सा ऐसपैस आहे आणि शिकवण्याची इतकी वर्षं दोन वाक्यांत उरकलीत. एडिट माझ्या हातात नसतं, पण हे मला पटलेलं नाही.

खरी गोष्ट वेगळीच आहे. त्यांचं ‘गॅमिन’ नावाचं शिल्प आहे, तिरकी टोपी घातलेल्या पोराचा अर्धपुतळा, तोही प्लास्टरचाच, वरून ब्राँझसारखा रंगवलेला. म्युझियममधला त्याचा शॉट इतका देखणा होता की मला हातच लावावा लागला नाही, बाजूने मऊ लाइट, गालावर बारीक चमक, टोपीची कड मागच्या अंधारातून अलगद सुटलेली. लगेच पुढचा शॉट इंटरव्ह्यूचा. एक वयस्कर ब्लॅक शिल्पकार बाई आणि शेजारी गोऱ्या क्युरेटर, मागे पांढरी भिंत, आणि एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, सरळ क्युरेटरच्या चेहऱ्यावर लावलेलं. वेव्हफॉर्मवर, म्हणजे उजेडाच्या आलेखावर (शून्य म्हणजे काळं, शंभर म्हणजे पांढरं), क्युरेटर साठ-सत्तरच्या पट्ट्यात मस्त बसलेल्या, भिंत वर जाऊन फुटलेली, नुसती पांढरीफटक, आणि शिल्पकार बाईंचा चेहरा पार विशीच्या खाली. म्हणजे त्याच टीमने पुतळ्यातल्या ब्लॅक पोराला लाइट दिला आणि समोर बसलेल्या जिवंत बाईंना दिला नाही.

माझा असिस्टंट म्हणाला, “ताई, चेहरा उचलू का?” आणि विचारता विचारता त्याने चेहऱ्यापुरती विंडो मारलीसुद्धा, कारण आपल्याकडे ते अंगवळणी पडलंय, हिरॉईन असो नाहीतर जाहिरातीतली आई, चेहऱ्यावर गोल काढायचा आणि गोरं करायचं. मी ते काढायला लावलं. गडद त्वचा नुसती वर ढकलली की ती राखाडी पडते, राख फासल्यासारखी. रंगाची छटा दाखवणाऱ्या व्हेक्टरस्कोपवर बघा, सगळ्या माणसांची त्वचा जवळपास एकाच रेषेवर येते, फरक असतो तो उजेडाचा, आणि गडद चेहरा दिसतो तो कपाळावरच्या, गालावरच्या चमकेने. ती चमक शूटलाच लागते, माझ्या मशीनमधून येत नाही. भिंत खाली घेतली, कपाळावर होती तेवढी चमक धरून ठेवली, अंधारातला दाणेदार नॉइज साफ केला. बरं झालं, चांगलं नाही झालं.

ही सवय जुनी आहे. कोडॅकची रंगीत प्रिंट ज्या शर्ली कार्डवरून, म्हणजे नमुन्याच्या फोटोवरून, जुळवायचे त्यावर कितीतरी वर्षं गोरीच बाई होती, आणि गडद छटा नीट येत नाहीत ही तक्रार कंपनीने मनावर घेतली ती चॉकलेटवाल्यांनी आणि फर्निचरवाल्यांनी केली तेव्हा.

कॉलवर प्रोड्यूसरने मला विविधतेचा तक्ता दाखवला, टीममध्ये कोण किती, सगळे रकाने भरलेले. असा तक्ता हवाच, मी त्याच्या विरोधात नाही. पण कॅमेऱ्यामागे एक्स्पोजर कोण लावतंय आणि मॉनिटर कोण बघतंय याचा त्यात रकानाच नाही, आणि त्या शिल्पकार बाईंना तो शॉट कोणी दाखवलाही नव्हता.

एक गोष्ट मात्र भांडून मिळवली. ऑगस्टाबाई माती घडवतायत अशी जुनी मूक फिल्म आहे, तिची आम्हाला आलेली फाइल कॉम्प्रेस केलेली, माती पांढरीफटक आणि बाईंच्या चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग. मी फ्लॅट स्कॅन, म्हणजे कॉन्ट्रास्ट न वाढवता सगळे तपशील राखलेलं, मागितलं तर बजेट नाही म्हणाले. मी हटून बसले, शेवटी विचारलं त्यांनी, तर आर्काइव्हकडे चांगलं स्कॅन आधीपासून होतं, कोणी मागितलंच नव्हतं! त्यात डोळे होते, भुवया होत्या, कामात गुंतल्यावर आवळलेले ओठ होते, सगळं फिल्मवर तेव्हापासूनच उतरलेलं.

आता ऑफिसला लिहून दिलंय की यापुढे अशा कामात शूटच्या आधी लाइटिंग टेस्ट आमच्याकडे पाठवायची आणि जी माणसं कॅमेऱ्यासमोर बसणार त्यांनाही दाखवायची. साहेब म्हणतात क्लायंट ऐकणार नाही. पुढच्या करारात मी ते घालायला लावणारच आहे.