गोळ्या फुकट मिळतात, मग आवाज कशासाठी?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो आहोत. प्रश्न नेहमीचाच: "एचआयव्हीची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात ना? मग प्रतिबंधाच्या कामाचे पैसे थोडे कमी झाले तर वस्तीनं एवढा आवाज का उठवायचा? आणि उठवायचा तर कुठे?"

औषधं फुकट आहेत, खरं आहे. देशात 1 एप्रिल 2004 पासून मोफत एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या) सुरू झाली, आणि इंदूरला एमवाय या सरकारी दवाखान्याच्या सेंटरवर ती मिळते. पण देहविक्रय करणाऱ्या ज्या बाईला गोळी लागणार आहे ती आपणहून त्या खिडकीशी येत नाही. तिला आणते ती पीअर. पीअर म्हणजे तिच्याच धंद्यातली, तिच्याच ओळखीची बाई. एका पीअरकडे साधारण 60 जणींची यादी असते. महिन्यातून दोनदा भेट, तीन महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासणी, सहा महिन्यांनी एचआयव्ही आणि सिफिलिसची टेस्ट. सरकारी पैशावर एखादी संस्था चालवते असा 600 जणींचा प्रकल्प धरला तर 10 पीअर आणि वर्षाला 1,200 टेस्ट.

कपात होते ती "कपात" असं नाव लावून येत नाही. आधी हप्ता लांबतो. दोन-तीन महिने मानधन निघत नाही, दोन पीअर सोडून जातात, त्यांच्या जागा भरल्या जात नाहीत. त्यांच्या 120 जणी उरलेल्या आठ जणींत वाटून टाकतात. कागदावर यादी 600 ची 600 च राहते, एकेकीकडे मात्र आता 75 नावं. भेटी होतात, पण दिवसाउजेडी, घरी सापडणाऱ्या जुन्या बायकांच्या. जी गेल्या महिन्यात शहरात आली, जी रात्री अकरानंतरच उभी राहते, ती सुटते. नेमका धोका तिलाच जास्त.

मग टेस्ट कमी होतात, म्हणून पॉझिटिव्ह कमी सापडतात, आणि अहवालात लिहिलं जातं की प्रमाण घटलं. त्याच आकड्यावर पुढच्या वर्षीचे पैसे आणखी कमी होतात. आमचा सगळा जीव या एका ओळीत अडकलाय. "पॉझिटिव्ह किती?" याच्या आधी "टेस्ट किती झाल्या आणि कुणाच्या?" हे विचारल्याशिवाय तो आकडा मान्य करू नका.

टेस्टनंतरचा रस्ताही बघा. बोट टोचून केलेली टेस्ट रिॲक्टिव्ह (संशयास्पद) आली म्हणजे निदान झालं असं नाही. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रात, पुन्हा रक्त देऊन, तीन वेगवेगळ्या किटवर तपासून मगच रिपोर्ट मिळतो. मग एआरटी सेंटरला नोंदणी, सीडी4 (प्रतिकारशक्ती मोजणारी रक्ततपासणी), टीबीची चौकशी, समुपदेशन, आणि त्यानंतर गोळ्या. दोन-तीन खेपा होतात, आणि प्रत्येक खेपेला त्या दिवसाची कमाई बुडते. पीअर सोबत जाते, रिक्षाचं भाडं प्रकल्पातून निघतं. कात्री लागली की सगळ्यात आधी ही रिक्षा जाते, कारण हिशेबात तिचं नाव नुसतं "प्रवास खर्च" असतं. बाई पहिल्या खेपेला येते, दुसरीला येत नाही.

सुईनं नशा करणाऱ्या मुलांचं तर याहून कठीण. सुईच्या नशेऐवजी दिली जाणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज, नर्ससमोर, जिभेखाली ठेवायची असते. सेंटर चार दिवस बंद राहिलं की अंग मोडून येतं, जुलाब लागतात, झोप उडते, आणि पोरगा परत सुईकडे जातो. नवी सिरिंज वाटणारा माणूसही तेव्हाच काढलेला असतो, मग एकच सुई तिघांत फिरते. पुढच्या तिमाहीत पैसे आले तरी हे भरून निघत नाही.

आता कुठे बोलायचं ते. महापालिकेत खेपा घालून उपयोग नाही. पैसा दिल्लीहून नॅकोकडून (केंद्राच्या एड्स नियंत्रण संघटनेकडून) भोपाळच्या राज्य एड्स नियंत्रण सोसायटीकडे येतो आणि तिथून संस्थेला. म्हणून अर्ज सोसायटीच्या प्रकल्प संचालकांच्या नावे करा, प्रती जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण अधिकाऱ्यांना आणि कलेक्टरांना द्या. मंगळवारच्या जनसुनवाईत (लोकांच्या तक्रारी ऐकायच्या बैठकीत) कलेक्टर कचेरीत तो हातोहात द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका.

"निधी वाढवावा ही विनंती" एवढंच लिहिलेला अर्ज फायलीत झोपतो. एका पानात मंजूर पीअर किती आणि कामावर किती, शेवटचा हप्ता कोणत्या तारखेचा, आणि या सहामाहीत टेस्ट किती, मागच्या सहामाहीत किती, हे येऊ द्या. निरोधचा हिशेबही मांडा. एकीला आठवड्याला 8 गिऱ्हाइकं धरली तर चार आठवड्यांना 32, म्हणजे 600 जणींना 19,200. आले 8,000 तर तुटवडा 11,200, असा सरळ लिहा. आकडे मिळत नसतील तर 10 रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज होतो. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते: पुरावा म्हणून नावांची यादी जोडली जाते. कधीही नको. एचआयव्ही-एड्स कायदा 2017 चा, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, आणि संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करणं त्यात मना आहे. धरण्याचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकतानाही चेहरे बघा. (शहरातल्या जागांची नावं आम्हीही इथे मुद्दाम देत नाही.)

सही कुणाची? संस्था करारानं बांधलेली असते, तिचा आवाज बारीकच निघणार. सही वस्तीतल्या संघटनेची आणि पॉझिटिव्ह लोकांच्या नेटवर्कची हवी. सांगलीत देहविक्रय करणाऱ्या बायकांची संघटना असलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायका 1990 च्या दशकापासून स्वतःच्या नावानं बोलत आल्या आहेत. जुलै 2022 मध्ये औषधांचा तुटवडा झाला तेव्हा दिल्लीत नॅकोच्या कचेरीसमोर कित्येक आठवडे बसले तेही स्वतः गोळ्या घेणारे लोकच होते.

आणि अर्जाच्या शेवटी एक मागणी नक्की घाला. संस्था बदलणार असेल तर नवा करार होईपर्यंत जुन्या पीअर कामावर राहाव्यात, तीन महिन्यांचे निरोध आणि सिरिंज आधीच पोचवाव्यात, आणि ब्युप्रेनॉर्फिनचं सेंटर एक दिवसही बंद न ठेवण्याचा लेखी आदेश निघावा.