टाइप-सीचं भोक सारखं, आतला माल वेगळा

सांगलीत विश्रामबागेत काय किंवा गणपती पेठेत काय, लॅपटॉप मॉनिटरला जोडायला दुकानदाराला ‘टाइप-सी केबल द्या’ एवढंच सांगितलं तर हातात बहुधा फोनच्या चार्जिंगची केबल पडते. तिच्यातून डेटा जातो ४८० एमबीपीएसने, म्हणजे यूएसबी २.० च्या वेगाने, आणि मॉनिटरवर चित्र येतच नाही. मग लोक मॉनिटरला दोष देतात.

टाइप-सी हा फक्त आकार. चित्र हवं तर लॅपटॉपच्या त्या पोर्टला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड, म्हणजे त्याच भोकातून चित्र पाठवायची सोय, लागतो. पोर्टशेजारी ‘डीपी’चं (डिस्प्लेपोर्टचं) चिन्ह किंवा थंडरबोल्ट या वेगवान जोडणीचं विजेचं चिन्ह दिसलं तर काम झालं. चिन्ह नसेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या पानावर बघा. बरेच उत्पादक चिन्ह छापतच नाहीत, हा निव्वळ आळस.

खरी गोम स्वस्त हबमध्ये, म्हणजे एका टाइप-सीतून अनेक पोर्ट काढणाऱ्या डबीत, असते. केबलमध्ये वेगवान तारांच्या चार जोड्या. हब दोन चित्राला आणि दोन डेटाला देतो, म्हणून जुन्या डिस्प्लेपोर्ट १.२ वर फोर-के चित्र ३० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ३० वेळा बदलण्यावरच, अडकतं आणि माउसचा बाण रखडत चालतो. चारही चित्राला दिल्या तर ६० हर्ट्झ मिळतात, पण पेनड्राइव्ह ४८० वर घसरतो. हबचं एचडीएमआय पोर्ट १.४ चं असेल तर त्यालाही तीच ३० ची मर्यादा, २.० चं घ्या.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे रिफ्रेश रेट, म्हणजे हेच हर्ट्झ, दिसतो. दुकानातच तपासा, पैसे नंतर द्या.