‘बीबी गेली वाटतं’ म्हणायच्या आधी

रविवारी सकाळी कात्रजच्या जुन्या घाटात पाच-सहा जणांचा घोळका चढायला लागला की एखाद्या तरी सायकलीतून ‘कट्... कट्... कट्’ सुरू होतं. सपाटीला हा आवाज वाऱ्यात आणि गाड्यांच्या गोंगाटात बुडालेला असतो. चढाला वेग आठ-दहावर येतो, पेडलवर जोर पडतो आणि सायकल बोलायला लागते. मग मागून कुणीतरी निदान करतंच, ‘बीबी गेली वाटतं.’ बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, दोन्ही क्रँक (पेडलचे दांडे) ज्या आसावर फिरतात त्याचं बेअरिंग. नवी बीबी बसते, खिसा हलका होतो आणि पुढच्या रविवारी कट् कट् पुन्हा हजर!

याचं कारण फ्रेममध्ये आहे. फ्रेमच्या नळ्या पोकळ, आणि त्यातल्या बहुतेक बीबीपाशी येऊन मिळतात. सीटपोस्ट (सीटखालची उभी नळी) कुरकुरली, मागच्या चाकाचा क्लॅम्प सैल असला, पेडलचे आटे कोरडे पडले, तरी आवाज नळीतून वाहत खाली येतो आणि पायांच्या मधून आल्यासारखा वाटतो. म्हणून बीबी संशयितांच्या यादीत शेवटी ठेवायची.

पाना हातात घेण्याआधी आवाज मोजा. पेडलच्या एका फेरीला एकदाच आणि पाय ठरावीक जागी असतानाच येत असेल तर पेडल, क्रँक, चेनरिंगचे (पुढच्या दातेरी चक्राचे) बोल्ट किंवा बुटाची क्लीट (बूट पेडलला अडकवणारा तुकडा). चाकाच्या फेरीबरोबर येत असेल तर आरे, रोटर (डिस्क ब्रेकची चकती), व्हॉल्व्ह किंवा टायरमध्ये रुतलेला खडा. इथे एक फसगत होते. चढावर 34 दातांची चेनरिंग आणि मागे 28 दातांचं चक्र असेल तर पेडलच्या एका फेरीत चाक जेमतेम सव्वा फेरी फिरतं, त्यामुळे दोन्ही ताल सारखेच भासतात. सपाटीवर येऊन 50-15 (पुढे 50, मागे 15 दात) सारखा जड गिअर टाका. आता पेडलच्या एका फेरीला चाकाच्या सव्वातीन फेऱ्या होतात, आणि आवाज कुणाच्या तालावर आहे ते लगेच कळतं.

तिसरा ताल चेनचा. चेनला 116 कड्या आणि चेनरिंगला 50 दात असतील तर चेनची एक पूर्ण फेरी व्हायला पेडल 2.3 वेळा फिरवावं लागतं. 34 च्या चेनरिंगवर तेच 3.4 होतं. म्हणजे दर सव्वादोन-अडीच फेऱ्यांना एकदा ‘टिक्’ येत असेल आणि छोट्या चेनरिंगवर ते अंतर वाढत असेल, तर कुठेतरी एक कडी आखडली आहे. बहुतेक वेळा ती चेन जोडताना जिथे पिन दाबली तिथलीच असते. पेडल हाताने उलटं फिरवत मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) छोट्या चाकांकडे बघत राहा. आखडलेली कडी तिथून जाताना डिरेलर टुणकन उडतो. त्या कडीच्या दोन्ही बाजूंनी चेन धरून आडवी, म्हणजे ती एरवी वळत नाही त्या दिशेने, हलकेच दोन-तीनदा वाकवली की मोकळी होते. जोर लावू नका, चेन कायमची वाकेल.

आता कुरकुरीकडे. पहिली चाचणी फुकट आहे. पेडल मारता मारता सीटवरून उठा. आवाज थांबला तर दोष सीटपोस्टमध्ये किंवा सीटखालच्या आडव्या दांड्यांत. थांबला नाही, उलट वाढला, तर खाली किंवा पुढे शोधायचं. सीटपोस्ट काढण्याआधी तिच्यावर इन्सुलेशन टेप लावून उंचीची खूण करा, नाहीतर परत बसवल्यावर आठवडाभर गुडघे तक्रार करतील. पोस्ट पुसा, नळीचं तोंड आतून फडक्याने पुसा. पुण्या-मुंबईचा एक पावसाळा झाला की तिथे तांबूस चिखल निघतोच. ॲल्युमिनियमची पोस्ट आणि धातूची फ्रेम असेल तर ग्रीसचा पातळ थर द्या. ॲल्युमिनियम पोस्ट स्टीलच्या फ्रेममध्ये वर्षानुवर्षं कोरडी राहिली तर गंजून अशी धरते की शेवटी कापावी लागते. पोस्ट किंवा फ्रेम कार्बनची असेल तर ग्रीस नाही, कार्बनसाठी मिळणारी कणीदार पेस्ट लावायची. ग्रीसने पोस्ट घसरते आणि मग लोक बोल्ट आवळत आवळत कार्बनलाच तडा घालवतात. सीटपोस्टच्या क्लॅम्पचा बोल्ट साधारण 5 न्यूटन-मीटर, पण तुमच्या क्लॅम्पवर आकडा छापलेला असेल तर तोच खरा. सीटच्या दांड्या जिथे पकडलेल्या असतात ती जागाही याच वेळी पुसून घ्या.

पेडल काढताना गोंधळ होतो तो आट्यांचा. उजवं पेडल नेहमीसारखं, घड्याळाच्या उलट दिशेने सुटतं. डाव्याचे आटे उलटे, ते घड्याळाच्या दिशेने सुटतं. लक्षात राहत नसेल तर एवढंच पाहा, पाना पेडलच्या वरच्या अंगाला ठेवला की दोन्ही पेडलं सायकलच्या मागच्या दिशेने ओढल्यावर सुटतात. पाना 15 मिलिमीटरचा, किंवा आतून 6 वा 8 मिलिमीटरची ॲलन की. आटे जुन्या टूथब्रशने घासा, ग्रीस लावा, आणि बसवताना पहिल्या दोन-तीन फेऱ्या हातानेच द्या. पान्याने तिरकं घुसवलेलं पेडल क्रँकचे आटे खाऊन टाकतं आणि बिल पेडलचं न येता क्रँकचं येतं. शेवटची आवळणी 35 ते 40 न्यूटन-मीटर, म्हणजे चांगलीच घट्ट. घरच्या जुन्या काळ्या सायकलीवर मात्र पेडलमागे ‘टक्’ आला तर आधी कॉटर बघा. क्रँक आसावर पकडणारी ती पाचर झिजली की दर फेरीला पाय किंचित घसरल्यासारखा वाटतो. नुसता नट आवळून हे थांबत नाही. कॉटर नवी घालायची, ठोकून बसवायची, नट आवळायचा आणि चार-पाच किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळायचा.

सगळ्यात दुर्लक्षित गुन्हेगार म्हणजे मागच्या चाकाचं क्विक रिलीज (लिव्हर आणि सळईने चाक पकडणारा क्लॅम्प). पंक्चर काढून चाक घाईने बसवलं की कट् कट् सुरू होतं आणि ते हुबेहूब बीबीसारखं ऐकू येतं. ड्रॉपआउटच्या, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या, खाचेतली माती पुसा, सळईवर ग्रीसचा हात फिरवा, आणि लिव्हर अशी बंद करा की अर्ध्या वाटेवर जोर लागायला लागला पाहिजे आणि पूर्ण बंद झाल्यावर तळव्यावर तिचा वळ दिसला पाहिजे.

पुढून ब्रेक लावताना ‘टक्’ आला तर हेडसेट, म्हणजे हँडल फ्रेममध्ये ज्यावर फिरतं ते बेअरिंग. पुढचा ब्रेक दाबून धरा, दुसऱ्या हाताची बोटं हेडसेट आणि फ्रेमच्या सांध्यावर ठेवा आणि सायकल मागे-पुढे हलवा. बोटांना हालचाल जाणवली की सैल आहे. इथे दहातले नऊ जण वरच्या टोपणाचा बोल्ट आवळतात आणि काही फरक पडत नाही म्हणून आणखी आवळतात. टोपण हँडल धरून ठेवत नाही, ते फक्त बेअरिंगवर दाब देतं. आधी स्टेमचे (हँडल पकडणाऱ्या तुकड्याचे) बाजूचे दोन्ही बोल्ट सैल करा, मग टोपण थोडं थोडं आवळा, खेळ गेला की थांबा, हँडल चाकाशी सरळ करा, आणि मग बाजूचे बोल्ट परत आवळा. त्यानंतर हँडल जड फिरायला लागलं तर टोपण जास्त आवळलं गेलं आहे.

एवढं सगळं करूनही आवाज राहिला, तर खुशाल बीबी उघडा. आट्यांची बीबी असेल तर बहुतेक सायकलींवर चेनच्या बाजूच्या कपाचे (बेअरिंग धरणाऱ्या वाटीचे) आटे उलटे असतात, एवढं लक्षात ठेवा. बऱ्याचदा बीबी खराब झालेली नसतेच. बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावून नीट आवळली की गप्प होते.

डिस्क ब्रेकचं किंचाळणं हे वेगळंच दुखणं. पावसात रोटर ओला असताना ब्रेक ओरडला तर सोडून द्या, चार-पाच वेळा ब्रेक मारला की रोटर सुकतो आणि शांत होतो. कोरड्या रस्त्यावरही ओरडत असेल आणि पकड कमी झाली असेल तर पॅडला तेल लागलंय. लागतं कुठून? चेनवर स्प्रेचा डबा फुसफुस करताना मागच्या रोटरवर उडतं. दुचाकी धुण्याच्या दुकानात चकाकीसाठी शेवटी काही फवारतात, त्यातून येतं. आणि ‘किती गरम झालाय बघू’ म्हणून रोटरला लावलेल्या बोटातून येतं, शिवाय बोट भाजतं ते वेगळं. (त्या धुण्याच्या दुकानात जाऊच नये. प्रेशरचं पाणी हबच्या सीलमधून आत जातं आणि दोन महिन्यांनी छर्रे खरखरायला लागतात.) रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडक्याने पुसा. पॅड काढून सपाट फरशीवर ठेवलेल्या सॅंडपेपरवर वरची चकाकी जाईपर्यंत घासा. तेल आतवर मुरलं असेल तर घासूनही दोन दिवसांत किंचाळणं परत येतं. पॅड गॅसवर भाजायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण पॅडचा थर पत्र्यापासून सुटू शकतो, आणि ब्रेकच्या बाबतीत हा जुगार परवडण्यासारखा नाही. नवे पॅड घाला. नव्या पॅडला रोटरशी जुळवून घ्यावं लागतं. ताशी वीसच्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत पंधरा-वीस वेळा ब्रेक मारा, चाक जाम होऊ न देता, पुढचा आणि मागचा वेगवेगळा. हे न करता थेट सिंहगडावरून उतरलं की नवे पॅडही किंचाळतात.

रोटर घासून ‘श्श् श्श्’ आवाज येत असेल आणि ब्रेक हायड्रॉलिक असेल, तर कॅलिपरचे (पॅड धरणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट सैल करून ब्रेक दाबून धरा आणि तसंच धरून दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. तारेच्या डिस्क ब्रेकमध्ये बहुधा एकच पॅड हलतं, तिथे ही युक्ती अर्धवट चालते. स्थिर पॅड हाताने रोटरच्या अगदी जवळ, पण न टेकता, आणावं लागतं. श्श् सतत न येता चाकाच्या एका फेरीला एकदाच येत असेल तर रोटर वाकलाय, कॅलिपर कितीही सरकवला तरी उपयोग नाही. डिकीत टाकायला चाक काढलं असेल तर पॅडच्या फटीत जाड पुठ्ठा सारून ठेवा. वाटेत कुणी ब्रेक दाबला की पिस्टन पुढे येतात आणि चाक परत बसत नाही.

रबरी पॅडचे व्ही-ब्रेक ओरडले तर पॅडचं पुढचं टोक रिमला मागच्या टोकापेक्षा एखाद मिलिमीटर आधी टेकलं पाहिजे. पॅडच्या मागच्या टोकाखाली दुमडलेलं व्हिजिटिंग कार्ड ठेवा, ब्रेक दाबा, पॅडचा बोल्ट आवळा, कार्ड काढा. झालं.

चेनच्या तेलाबद्दल एकच तक्रार आहे, लोक फार घालतात. प्रत्येक रोलरवर एक थेंब, आतल्या बाजूने, पेडल उलटं फिरवत. दहा मिनिटं थांबा आणि बाहेरचं सगळं तेल फडक्याने पुसून काढा. काम करणारं तेल पिन आणि रोलरच्या आत असतं. बाहेरचं तेल फक्त धूळ धरतं आणि तिची काळी लापशी करून दात झिजवतं. झीज मोजायला साधी पोलादी पट्टी पुरते. एका पिनच्या मध्यापासून बारा जोड्या, म्हणजे चोवीस कड्या, मोजा. नव्या चेनमध्ये हे अंतर बरोबर 12 इंच असतं. 12 इंच आणि वर एक सोळांश इंच झालं की चेन बदला. एक अष्टमांश झालं असेल तर बहुधा मागची चक्रंही गेली आहेत.

पंक्चरबद्दल फार लिहीत नाही, पण वारंवार त्याच जागी होत असेल तर चूक शोधण्यात आहे. ट्यूब बसवताना टायरवरचं नाव नेहमी व्हॉल्व्हपाशी ठेवायचं. मग ट्यूबला भोक सापडलं की ती टायरशेजारी धरून काटा नेमका कुठे असेल ते कळतं. गावाकडच्या रस्त्यांना सराटा आणि बाभूळ, महामार्गाच्या कडेला फुटलेल्या ट्रक टायरमधली केसाइतकी बारीक तार. ही तार डोळ्यांना दिसत नाही, टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की तो तिथे अडकतो. शेजारी शेजारी दोन भोकं म्हणजे हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चावली. भोक रिमच्या बाजूला असेल तर काटा शोधू नका, आऱ्यांची भोकं झाकणारी पट्टी सरकली आहे. पॅच लावताना सोल्युशनची ओली चमक जाईपर्यंत, चार-पाच मिनिटं, थांबायचं. ओल्यावर चिकटवलेला पॅच हवेच्या दाबाने कडेने उठतो.

बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हच्या ट्यूबला पेट्रोल पंपाची नळी बसत नाही, त्यासाठी पितळी अडॅप्टर सीटखालच्या पिशवीत असू द्या. टोकाची बारीक चकती आधी सैल करायची, एकदा दाबून ‘फुस्स्’ करायचं, मग अडॅप्टर. पंपावर हवा हप्त्या-हप्त्याने भरा. 25 मिलिमीटरच्या टायरला हवा लागते थोडी आणि कॉम्प्रेसरचा ओघ असतो ट्रकसाठी.

चाकाच्या तालावर येणारा तो नाजूक ‘टिक टिक’ राहिलाच. सगळं तपासून झालं, आऱ्यांचा ताण ठीक, आउट (चाकाची वाकडी फिरकी) काढलेला, रोटर सरळ, तरी टिक टिक. उंच कडेच्या रिममध्ये प्रेस्टाची लांब दांडी भोकात हलते आणि रिमवर आपटते. दांडीभोवती इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्या, मग ट्यूब घाला.