ब्लेरिओच का?

"राइट बंधू १९०३ मध्येच उडाले, मग १९०९ मध्ये विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या फ्रेंच ब्लेरिओचं एवढं काय?" हा प्रश्न आला नाही असं माझं एकही व्याख्यान नाही. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

पंख पिळून विमान तोलायची युक्ती राइटांचीच. १९०८ च्या ऑगस्टात विल्बर राइट फ्रान्समधल्या ल माँजवळ उडाला, तेव्हा ब्लेरिओ बघ्यांत होता. ती युक्ती त्याने घेतली, मान्य. पण आजचं छोटं विमान डोळ्यांसमोर आणा: इंजिन पुढे, शेपटी मागे, पंखांची एकच जोडी, खाली चाकं. २५ जुलैला २५ अश्वशक्तीच्या इंजिनावर ३७ मिनिटांत खाडी ओलांडून डोव्हरला आदळत उतरलेलं 'ब्लेरिओ अकरा' असंच होतं. माझं उत्तर वीस वर्षं इथेच संपायचं.

मग मी त्याची पाच फुटी प्रतिकृती केली. कामट्या बाबांनी तासल्या. सुतारकाम सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती, हात थरथरायचा, तरी प्रत्येक फासळी दिव्यासमोर धरून बघायचे. माळावर दोन फेऱ्या झकास झाल्या. तिसऱ्या फेरीत मी तिला सूर मारायला लावला आणि डावा पंख दुमडला. वर नाही, खाली. तुकडे गोळा करून आणले तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "खालच्या तारा ताणल्यास. वरच्या?"

या विमानाचे पंख वरून आणि खालून तारांनी ताणून धरलेले असतात. वरच्या मी ढिल्या सोडल्या होत्या. "पंखाला वरून कोण दाबणार आहे?" मी त्यांच्यावर खेकसलो. ते काही बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी पटाशी हातात घेतली नाही.

नंतर वाचलं. १९१२ पर्यंत खऱ्या ब्लेरिओंचेही पंख असेच तुटले होते, वैमानिक गेले होते. सुरात पंखावर वरून भार येतो, वरच्या तारा कमी पडतात, हे स्वतः ब्लेरिओनेच लेखी कळवलं. फ्रेंच लष्कराने एकपंखी विमानं काही काळ जमिनीवर ठेवली, त्यात त्याचीही होती. ब्रिटिश लष्करानेही त्याच वर्षी बंदी घातली.

तेव्हा ब्लेरिओच का? पूर्वीचा मी म्हणेल, आकारासाठी, हा अहवाल मध्ये आणू नकोस. पण त्या आकाराला नंतर कित्येक वर्षं एकावर एक पंख असलेल्या दुपंखी विमानांच्या मागे राहावं लागलं, हे मी कुठल्याच व्याख्यानात सांगितलं नव्हतं. आणि आपल्याच विमानाचा दोष लिहून देणारा माणूस मला आता आकाराहून मोठा वाटतो. कधी वाटतो, कधी नाही.

डावा पंख माळ्यावर आहे. वरच्या तारा नव्या घातल्यात. ताणलेल्या नाहीत अजून.