अभ्यासात बरा आहे, मग टर्नर कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हा प्रश्न मला पालक बहुतेक वेळा मुलाच्या देखतच विचारतात. "अभ्यासात बरा आहे हो, पण टर्नर व्हायचं म्हणतो. जाऊ द्यावं का?" अभ्यासात मागे पडणाऱ्यांनीच हाताचं काम करायचं, हे विचारण्याआधीच ठरलेलं असतं. टर्नर म्हणजे लेथवर, धातू फिरवत ठेवून कापणाऱ्या मशीनवर, काम करणारा. मी तेच काम करत आलो आणि आता तेच शिकवतो. डोकं चालणारा मुलगा शिकायला आला की मला आनंद होतो, कारण या कामाला डोकं लागतं.

एक उदाहरण सांगतो. 100 मिलिमीटर व्यासाचा स्टीलचा शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, लेथवर लावलाय. ड्रॉइंगमध्ये टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, आहे 0.02 मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. जोरात कट घेतला की जॉब, म्हणजे मशीनवर लावलेला तुकडा, तापतो. समजा 30 अंशांनी तापला, तर त्याचा व्यास सुमारे 0.035 मिलिमीटरने वाढतो. नवशिका तेव्हाच मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घेण्याचं साधन, लावतो, माप बरोबर येतं, तो खूश होऊन जॉब काढतो. थंड झाल्यावर तोच शाफ्ट कमी भरतो आणि बाद होतो. जगभर मोजमापाचं प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस ठरवलेलं आहे, ते याचसाठी. धातू तापल्यावर प्रसरण पावतो हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. टर्नरला ते मापात धरावं लागतं, आणि चुकलं तर लगेच कळतं. ज्या मुलाला भौतिकशास्त्र आवडतं त्याला ही जागा परकी का वाटावी?

वेल्डिंगचंही तेच. लो-हायड्रोजन रॉड, म्हणजे जोडात हायड्रोजन कमी जावा म्हणून बनवलेली वेल्डिंगची कांडी, दमट राहिला तर ओलाव्यातला हायड्रोजन जोडात शिरतो, आणि मग काम संपल्यावर काही तासांनी, कधी एकदोन दिवसांनीही, आतून तडा जातो. वरून जोड सुरेख दिसतो. म्हणून चांगला वेल्डर रॉड भट्टीत सुकवून गरमच ठेवतो, आणि कुणी बघत नसतानाही ठेवतो. असा माणूस घडवायला वर्षं लागतात.

या कामातून पुढे कुठे जाता येतं, असंही विचारतात. हेन्री मॉडस्ले बाराव्या वर्षी इंग्लंडमधल्या शस्त्रागारात काडतुसं भरायच्या कामाला लागला. 1800 च्या सुमारास त्याने अचूक आटे पाडणारा लेथ बनवला. त्याच्या लंडनच्या वर्कशॉपमध्ये जोसेफ व्हिटवर्थ काम शिकला. त्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसायचा नाही. व्हिटवर्थने 1841 साली आट्यांचं एकच प्रमाण मांडलं. वाफेच्या हातोड्यासाठी ओळखला जाणारा जेम्स नॅस्मिथही तिथलाच. एवढी माणसं एका वर्कशॉपमधून निघाली, कारण तिथे हाताने करणं आणि विचार करणं एकाच बाकावर चालत होतं. आजचं म्हणाल तर स्वित्झर्लंडमध्ये सक्तीचं शिक्षण संपल्यावर सुमारे दोन तृतीयांश मुलं उमेदवारीच्या, म्हणजे काम करत शिकण्याच्या, मार्गाने जातात, आणि तिथून पुढे पदवीपर्यंतची वाट उघडी असते. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन, आली म्हणून टर्नर संपला, असंही कुणी सांगेल. कुठल्या धातूला किती कट झेपतो, हे त्या मशीनला सांगायला माणूस लागतोच.

मुलीने हे शिकायचं म्हटलं तर लोक मला विचारायलाही येत नाहीत, परस्पर नाही म्हणून टाकतात. याचं मला फार वाईट वाटतं. मायक्रोमीटर धरणारा हात मुलाचा की मुलीचा, याने मापात फरक पडत नाही.

आता काळजीची बाजू, कारण ती लपवून मुलाला पाठवणं बरोबर नाही. गुडघे, कंबर आणि कान या कामात झिजतात. वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2017 साली ठरवलं. दगड-काँक्रीट कापतानाची धूळ फुप्फुसात बसली की ती हानी भरून निघत नाही. धूर ओढणारा पंखा, मास्क, चष्मा, कानाची बोंडं यांवर पैसे वाचवणारा मालक कितीही चांगलं शिकवत असला तरी तिथे मूल ठेवू नका.

म्हणून जाऊ द्या, पण जागा बघून. काम चालू असताना जा. नवी मुलं नुसती झाडलोट करतायत की मशीनवर उभी आहेत, ते पाहा. एखाद्याचा जॉब बिघडला तर उस्ताद काय करतो, तेही पाहा. नुसता ओरडून जॉब भंगारात टाकत असेल तर दुसरी जागा शोधा. मुलाला जवळ बोलावून, मायक्रोमीटर त्याच्या हातात देऊन "कुठे चुकलं ते तूच शोध" म्हणत असेल, तर त्याच दिवशी नाव घाला.